पंखाचा आराखडा : पेशींना आपली जागा कशी कळते?

पिकलेली केळी एखाद-दोन दिवस उघड्यावर राहिली, की त्यांच्याभोवती लाल डोळ्यांची बारीक चिलटे घोंगावू लागतात. जेमतेम तीन मिलिमीटर लांबीच्या या कीटकाचे शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर असे आहे. मराठीत त्यालाही फळमाशीच म्हणतात. मात्र आपल्या बागायतदारांना छळणारी, आंब्यात अळ्या सोडणारी फळमाशी ती ही नव्हे. ती निराळ्या कुळातील आहे. केळ्यावरचे हे चिलट शेतकऱ्याच्या दृष्टीने फारसे महत्त्वाचे नसले, तरी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत गेली शंभराहून अधिक वर्षे त्याचे स्थान अढळ आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांची एक माशी सापडली आणि जनुके गुणसूत्रांवर असतात, या सिद्धांताला भक्कम आधार मिळाला.

या माशीचा पंख भिंगाखाली धरला, तर पारदर्शक पटलावर पाच लांब शिरा आणि त्यांना जोडणाऱ्या दोन आडव्या शिरा दिसतात. दुसरी माशी घेतली, तरी शिरा त्याच जागी आढळतात. डावा पंख उजव्या पंखाशी ताडून पाहिला, तर फरक सापडणे कठीण. येथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. पंखातील प्रत्येक पेशीत जनुकांचा संच एकच असतो. असे असताना एका पेशीने शिरेचा भाग व्हावे आणि तिच्यापासून चार पेशींवर असलेल्या दुसरीने पातळ पटलाचा, हे ठरते कसे? आपण पंखाच्या मध्यभागी आहोत की कडेला, हे पेशीला कोण सांगते?

या प्रश्नाचे आज सर्वमान्य असलेले उत्तर थोडक्यात असे आहे. ऊतीतील काही ठरावीक पेशी विशिष्ट प्रथिन बाहेर सोडतात. उगमाजवळ ते दाट असते आणि जसजसे दूर जावे तसतसे विरळ होत जाते. या दाट-विरळतेच्या चढउताराला उतार म्हणतात. सुरंगी फुलली की वासाच्या तीव्रतेवरून झाड किती जवळ आहे, याचा अंदाज वाटसरूला येतो. त्याचप्रमाणे प्रथिनाच्या प्रमाणावरून पेशी आपली जागा ओळखते आणि त्यानुसार काही जनुके चालू, तर काही बंद करते. या उत्तरामागे सुमारे सात दशकांचा विचार आणि प्रयोग आहेत. त्यातील काही भाग अलीकडच्या काळात पुन्हा तपासावा लागला, हेही या विषयाचे वैशिष्ट्य आहे.

अळीच्या शरीरातील चकती

फळमाशीचे आयुष्य घाईचे असते. २५ अंश सेल्सिअस तापमानात अंड्यातून एका दिवसात अळी बाहेर पडते, अळी साधारण चार दिवस खात आणि वाढत राहते, मग कोष होतो आणि अंडे घातल्यापासून सुमारे दहाव्या दिवशी पूर्ण माशी उडू लागते. अळीला पंख नसतात; पण भावी पंख तिच्या शरीरात आधीपासूनच असतो. पेशींच्या एका चपट्या पिशवीच्या रूपात तो दडलेला असतो. शास्त्रज्ञ या पिशवीला चकती म्हणतात. पाय, डोळे, पंख अशा प्रत्येक अवयवासाठी स्वतंत्र चकत्या असतात.

अळी नुकतीच बाहेर आलेली असताना पंखाच्या चकतीत तीस-चाळीस पेशी असतात. चार दिवसांनी त्यांची संख्या तीस ते पन्नास हजारांवर जाते. म्हणजे प्रत्येक मूळ पेशीमागे विभाजनाच्या साधारण दहा फेऱ्या होतात. या वाढीच्या काळातच पंखाचा आराखडा आखला जातो. कोषावस्थेत चकती उलगडते, तिच्या दोन बाजू एकमेकींवर येऊन चिकटतात आणि दुपदरी पंख तयार होतो. पूर्ण वाढलेल्या पंखावर बारीक केस असतात आणि साधारणपणे प्रत्येक पेशी एकच केस तयार करते. त्यामुळे केस मोजले, की पेशी मोजल्या जातात. चपटेपणा, वेगवान वाढ आणि मोजणीची सोय या तीन गुणांमुळे पंखाची चकती संशोधकांना प्रिय झाली.

कल्पना आधी, पुरावा नंतर

संगणकशास्त्राचे प्रवर्तक अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९५२ मध्ये सजीवांच्या आकाराच्या रासायनिक पायाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. शरीराला रूप देणाऱ्या पदार्थाला त्यांनी मॉर्फोजेन हे नाव दिले. दोन पदार्थांच्या परस्परक्रियेतून एकसारख्या ऊतीतही ठिपके वा पट्टे आपोआप उमटू शकतात, असे त्यांचे गणित होते. १९६९ मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ लुईस वोल्पर्ट यांनी निराळी मांडणी केली. निळा, पांढरा आणि लाल अशा तीन उभ्या पट्ट्यांचा फ्रान्सचा ध्वज त्यांनी उदाहरणासाठी घेतला. पेशींच्या एका रांगेत एका टोकाकडून एकच पदार्थ पसरतो आहे, असे समजू. त्याचे प्रमाण एका मर्यादेहून अधिक असेल तेथे पेशी निळ्या होतील, दोन मर्यादांच्या मधे पांढऱ्या आणि त्याखाली लाल. पदार्थ एकच, परंतु प्रमाणानुसार परिणाम तीन. पेशीला मिळणाऱ्या या ज्ञानाला वोल्पर्ट यांनी स्थानविषयक माहिती म्हटले. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस क्रिक यांनी हिशेब मांडून दाखवले, की भ्रूणातील लहान अंतरांवर असा उतार काही तासांत निव्वळ विसरणाने तयार होऊ शकतो.

कल्पना आकर्षक होती, पण तसा पदार्थ कोणी पाहिलेला नव्हता. क्रिस्टियान न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी माशीच्या भ्रूणाची घडण बिघडवणाऱ्या उत्परिवर्तनांचा पद्धतशीर शोध घेऊन १९८० मध्ये तो प्रसिद्ध केला. या कार्यासाठी १९९५ चे नोबेल पारितोषिक त्यांना एडवर्ड लुईस यांच्यासमवेत मिळाले. १९८८ मध्ये न्युसलाइन-फोलहार्ड यांच्याच प्रयोगशाळेतून बायकॉइड या प्रथिनाचा उतार दाखवला गेला. मात्र ते प्रथिन अगदी कोवळ्या भ्रूणात काम करते. त्या वेळी केंद्रकांच्या मधे पेशीपटले उभी राहिलेली नसतात. पेशी परस्परांपासून पूर्ण अलग असतानाही उतार काम करतो का, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर पंखाने दिले.

सीमेवरचा पट्टा

पंखाची चकती सुरुवातीपासूनच दोन भागांत वाटलेली असते : पुढचा आणि मागचा. एका भागातील पेशींची संतती दुसऱ्या भागात मिसळत नाही, हे माद्रिदच्या अँटोनियो गार्सिया-बेयिडो आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखवले. मागच्या भागातील पेशींत एनग्रेल्ड नावाचे जनुक चालू असते. त्याच्या प्रभावाखाली या पेशी हेजहॉग हे प्रथिन सोडतात. परंतु त्या स्वतः त्याला प्रतिसाद देऊ शकत नाहीत, कारण प्रतिसादासाठी आवश्यक असलेले जनुक एनग्रेल्डने बंद ठेवलेले असते. हेजहॉग सीमा ओलांडून पुढच्या भागात जाते, पण फार दूर नाही. काही मोजक्या पेशींपर्यंतच. त्या अरुंद पट्ट्यातील पेशी त्याला प्रतिसाद म्हणून दुसरे प्रथिन सोडू लागतात. त्याचे नाव डेकापेंटाप्लेजिक. ग्रीक भाषेत डेका-पेंटा म्हणजे पंधरा. हे जनुक बिघडले तर पंधरा चकत्यांवर परिणाम होतो, म्हणून हे नाव. शास्त्रज्ञ त्याला डीपीपी म्हणतात.

डीपीपी मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना लांबवर पसरते. पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिन त्याला पकडते आणि निरोप केंद्रकापर्यंत पोचवते. तेथे घडणारी गोष्ट लक्षणीय आहे. ब्रिंकर नावाचे एक जनुक इतर अनेक जनुकांना दाबून ठेवते. डीपीपी त्या ब्रिंकरलाच दाबते. त्यामुळे मध्यभागी डीपीपी दाट आणि ब्रिंकर नाहीसे, तर कडेला डीपीपी विरळ आणि ब्रिंकर भरपूर, असा उलटा उतार तयार होतो. बाहेरच्या प्रथिनाचा चढउतार अशा रीतीने पेशीच्या आतल्या जनुक-अभिव्यक्तीच्या चढउतारात उतरतो.

या दोन उतारांच्या खेळातून जनुकांचे पट्टे आखले जातात. स्पाल्ट हे जनुक मध्यभागाच्या अरुंद पट्ट्यात चालू होते, तर ऑप्टोमोटर-ब्लाइंड त्याहून रुंद पट्ट्यात. पंखातील शिरा या पट्ट्यांच्या कडांना धरून उमटतात. दुसरी लांब शीर स्पाल्टच्या पुढच्या कडेपाशी उमटते. पाचवी शीर जेथे ऑप्टोमोटर-ब्लाइंडचा पट्टा ब्रिंकरच्या प्रदेशाला भिडतो, तेथे तयार होते. मधल्या तिसऱ्या आणि चौथ्या शिरांची जागा प्रामुख्याने हेजहॉग ठरवते. सलग उतरणाऱ्या चढउतारातून अशा रेखीव सीमा निघतात.

पुरावा कसा मिळाला

हे सारे केवळ निरीक्षण नाही. १९९४ मध्ये कॉनराड बास्लर आणि गॅरी स्ट्रुल यांनी पंखाच्या पुढच्या भागात, जेथे हेजहॉग कधीच नसते, तेथील काही पेशींना ते तयार करायला लावले. परिणामी त्या जागी आरशातील प्रतिबिंबासारखा जादा पंख उगवला. उगम हलवला, की आराखडाही हलतो, हे सिद्ध झाले.

तरीही एक शंका उरत होती. डीपीपी स्वतः दूरवर जाते, की शेजारच्या पेशीला निरोप देते आणि ती पुढच्या पेशीला, असा हातोहात व्यवहार चालतो? १९९६ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी याचा निवाडा केला. काही पेशींत त्यांनी डीपीपी नसतानाही सतत चालू राहणारे ग्राही प्रथिन घातले. निरोप हातोहात जात असता, तर या पेशींच्या शेजारणींतही स्पाल्ट चालू झाले असते. तसे झाले नाही. ज्या पेशींत ते ग्राही प्रथिन होते, त्यांच्यातच जनुक चालू झाले. याउलट पेशींना डीपीपी सोडायला लावले, तेव्हा भोवतालच्या पेशींतही परिणाम दिसला. म्हणजे डीपीपी स्वतः प्रवास करते आणि प्रत्येक पेशी ते स्वतंत्रपणे मोजते.

दिल्लीत सापडलेली बिनपंखी माशी

पुढे-मागे या अक्षाबरोबर पंखाला वरची आणि खालची बाजूही असते. या दोन बाजूंच्या सीमेवर, म्हणजे भावी पंखाच्या किनारीवर, विंगलेस नावाचे प्रथिन तयार होते आणि तेथून दोन्हीकडे पसरते. या जनुकाचा इतिहास भारतीय वाचकांना विशेष वाटेल. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांना पंख नसलेल्या माश्या सापडल्या. १९७३ मध्ये त्यांनी त्याची नोंद केली आणि १९७६ मध्ये व्ही. एल. चोप्रा यांच्यासह या उत्परिवर्तनाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. काही माश्यांना एक पंख नव्हता, काहींना दोन्ही नव्हते. पंखाच्या जागी पाठीच्या भागाची दुसरी प्रत तयार झालेली दिसे.

पुढे काय घडणार, याची तेव्हा कोणालाच कल्पना नसावी. १९८२ मध्ये रोएल नुसे आणि हॅरोल्ड व्हार्मस यांना उंदराच्या स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित एक जनुक सापडले. १९८७ मध्ये असे दिसले, की माशीतील त्याचे जुळे म्हणजे विंगलेसच होय. दोन्ही नावांच्या संयोगातून विंट हे कुलनाम रूढ झाले. विंट कुळातील प्रथिने आज मोठ्या आतड्याच्या कर्करोगापासून मूलपेशींपर्यंतच्या संशोधनाच्या केंद्रस्थानी आहेत. त्या कुळाची पहिली पायरी दिल्लीतील एका बिनपंखी माशीपाशी आहे.

उतार मोजला गेला

२००० मध्ये डीपीपीला हिरवा प्रकाश देणारे प्रथिन जोडून त्याचा उतार जिवंत ऊतीत प्रत्यक्ष पाहिला गेला. २००७ मध्ये त्याची मोजमापे प्रसिद्ध झाली. उगमापासून सुमारे २० मायक्रोमीटरवर, म्हणजे साधारण सात-आठ पेशींच्या अंतरावर, डीपीपीचे प्रमाण ३७ टक्क्यांपर्यंत उतरते. विंगलेसच्या बाबतीत हेच अंतर सुमारे ६ मायक्रोमीटर आहे. उताराची तीव्रता तीन गोष्टींवर ठरते : प्रथिन किती तयार होते, किती वेगाने पसरते आणि किती लवकर नष्ट होते. यांपैकी एक जरी बदलली, तरी आराखडा बदलतो.

प्रथिन पसरते कसे, याविषयी मात्र एकमत नाही. पेशींच्या मधल्या जागेतून विसरणाने, पेशींच्या पृष्ठभागावरील शर्करायुक्त प्रथिनांच्या आधाराने, की पेशींनी पुढे केलेल्या अतिसूक्ष्म तंतूंच्या टोकावरून? असे तंतू पंखाच्या चकतीत असल्याचे १९९९ मध्ये दाखवले गेले आणि त्यांना सायटोनीम हे नाव मिळाले. प्रत्येक मताच्या बाजूने प्रयोग आहेत.

पाठ्यपुस्तकातील चित्राला तडा

येथवरचे चित्र पाठ्यपुस्तकांत स्थिरावले होते. २०१४ मध्ये लंडनच्या एका गटाने एक धाडसी प्रयोग केला. विंगलेस प्रथिन पेशीच्या पडद्याला खिळून राहील, पसरूच शकणार नाही, अशी व्यवस्था त्यांनी जनुकातच केली. उतार अपरिहार्य असेल, तर अशा माशीचा पंख बिघडायला हवा होता. प्रत्यक्षात माश्या जगल्या. त्यांची वाढ उशिराने झाली आणि पंख किंचित लहान राहिले, पण आराखडा जवळपास नेहमीचा होता. विंगलेस सुरुवातीच्या काळात चकतीच्या मोठ्या भागात तयार होते आणि पेशी तो निरोप नंतरही लक्षात ठेवतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. दूरवर पसरणारा विंगलेसचा उतार अत्यावश्यक आहे, हे गृहीत त्यामुळे डळमळले.

२०१५ मध्ये डीपीपीचीही अशीच परीक्षा झाली. एका गटाने सीमेवरच्या पट्ट्यातून डीपीपी काढून टाकले, तर दुसऱ्याने उंटकुळातील प्राण्यांच्या प्रतिपिंडांपासून बनवलेल्या सापळ्यात ते जागीच अडकवले. शिरांचा आराखडा कोलमडला. म्हणजे त्याबाबतची जुनी समजूत कायम राहिली. परंतु चकतीची वाढ अपेक्षेप्रमाणे थांबली नाही. सापळ्याच्या प्रयोगात कडेचे भाग वाढतच राहिले. मग २०१७ मध्ये एकाच वेळी तीन शोधनिबंध आले आणि पट्ट्यातील डीपीपी वाढीसाठीही आवश्यक आहे, असे त्यांनी दाखवले. आधीच्या प्रयोगात ते पुरेसे लवकर आणि पूर्णपणे निघाले नव्हते, अशी त्यांची भूमिका होती.

या वादातून हाती काय लागले? डीपीपी नसेल तर पंख वाढत नाही आणि शिरांच्या जागा त्याच्या उतारावर अवलंबून असतात, हे दोन्ही निष्कर्ष टिकून आहेत. वाढीसाठी मात्र चढउतारच हवा की नुसते पुरेसे प्रमाण चालेल, हा प्रश्न पूर्वी वाटला त्यापेक्षा अवघड निघाला. मध्यावर डीपीपी दाट आणि कडेला विरळ असूनही पेशी सगळीकडे जवळपास सारख्याच वेगाने विभागतात, हे कोडे त्याच प्रश्नाशी जोडलेले आहे.

पंखाऐवजी गुंडी

उताराचे महत्त्व पटवणारे सर्वांत सुंदर उदाहरण माशीच्याच शरीरात आहे. बहुतेक उडणाऱ्या कीटकांना पंखांच्या दोन जोड्या असतात; माशीला एकच. दुसऱ्या जोडीच्या जागी हाल्टेअर नावाच्या दोन गुंड्या असतात आणि उडताना तोल सांभाळण्याचे काम त्या करतात. हा फरक अल्ट्राबायथोरॅक्स या जनुकाने घडवलेला आहे. वक्षाच्या तिसऱ्या खंडात ते निकामी केले, की गुंडीच्या जागी पंख उगवतो. एडवर्ड लुईस यांनी उत्परिवर्तने एकत्र आणून घडवलेली चार पंखांची माशी जीवशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

एकच जनुक पंखाचे रूपांतर गुंडीत कसे करते, या प्रश्नावर भारतात महत्त्वाचे काम झाले. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात एल. एस. शशिधर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले, की अल्ट्राबायथोरॅक्स वरच्या-खालच्या बाजूंच्या सीमेवरील संदेशव्यवस्थाच दाबून टाकते. शशिधर यांनी हे संशोधन पुढे पुण्याच्या आयसरमध्येही चालू ठेवले. २००६ मध्ये न्यूयॉर्कमधील संशोधकांनी डीपीपीच्या बाजूने त्याला जोड दिली. अल्ट्राबायथोरॅक्स डीपीपीचे उत्पादन घटवते आणि त्याला पकडणाऱ्या ग्राही प्रथिनाचे प्रमाण वाढवते. त्यामुळे डीपीपी उगमापाशीच अडकते, उतार आखूड होतो आणि अवयव लहान राहतो. पंख आणि गुंडी घडवणारी प्रथिने बऱ्याच अंशी तीच आहेत. त्यांचे प्रमाण आणि पसरण बदलली आहे.

माशीपासून माणसापर्यंत

या सगळ्याचा माणसाशी थेट संबंध आहे. डीपीपीचे मानवी भाऊबंद हाडांच्या घडणीत भाग घेतात. १९९३ मध्ये माशीतील डीपीपी प्रथिन उंदरांत रोपण केले असता तेथे नवे हाड तयार झाले. त्याच वर्षी मानवी प्रथिनाच्या जनुकाने माशीच्या भ्रूणातील डीपीपीची उणीव भरून काढता येते, हेही दिसले. हेजहॉगचे पृष्ठवंशीय रूप कोंबडीच्या पिलाच्या पंखाची बोटे ठरवते. त्याचा उगम चुकीच्या बाजूला लावला, तर बोटे आरशातल्यासारखी दुप्पट होतात. माशीच्या जादा पंखाचीच ही आवृत्ती म्हणावी लागेल. हेजहॉगला आवर घालणारे पॅच्ड हे जनुक बिघडले, तर माणसाला त्वचेचा एक सामान्य कर्करोग होतो. हा संदेशमार्ग रोखणारे व्हिस्मोडेजिब हे औषध अमेरिकेत २०१२ मध्ये मान्य झाले.

एक जुना प्रयोग आजही संशोधकांना विचारात पाडतो. कोवळ्या अळीतील पंखाची चकती काढून प्रौढ मादी माशीच्या पोटात ठेवली, तर ती तेथेही वाढते आणि साधारण आपल्या नेहमीच्या आकारापाशी येऊन थांबते. भोवताली अळी नाही, कोष नाही. तरीही थांबायचे कुठे, हे चकतीला कळते. उतार, पेशींमधील ताण आणि शेजारी पेशींशी होणारे व्यवहार यांचा त्यात वाटा असल्याचे पुरावे आहेत. पण या सर्वांची पूर्ण बेरीज अजून कोणालाही मांडता आलेली नाही. न थांबणारी वाढ म्हणजेच कर्करोग, हे लक्षात घेतले, तर केळ्यावरच्या चिलटाच्या पंखाकडे इतक्या प्रयोगशाळा अजूनही का डोळे लावून आहेत, हे उमगते.